राष्ट्रपतिपदाचे भाकीत आणि खानदेशची कन्या

विद्यमान राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांचा कार्यकाळ जुलै 2027 मध्ये पूर्ण होईल. त्यांच्यानंतर कोण, आणि कोणत्या आघाडीचा उमेदवार कोण असेल, याची चर्चा निवडणूक जवळ येताच आपल्या पेढ्यांवर आणि ओट्यांवर रंगू लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले आमचे सोनगीर मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले असल्यामुळे येथे वार्ता लवकर पोहोचते आणि वार्तेहूनही लवकर पोहोचतो तो अंदाज. गप्पा म्हणून त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र त्या अंदाजावर पैसा लागू लागला, की त्याची परीक्षा व्यापाऱ्याच्या दृष्टीने करणे आवश्यक ठरते. या परीक्षेसाठी आपल्या खानदेशाइतके उत्तम उदाहरण दुसरे नाही.

2007 चा उन्हाळा वाचकांना आठवत असेल. डॉ. अब्दुल कलाम यांच्यानंतर राष्ट्रपती कोण, या प्रश्नावर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरत होते. शिवराज पाटील, सुशीलकुमार शिंदे, प्रणव मुखर्जी, डॉ. करणसिंह अशी नावे रोज मागेपुढे होत. महाराष्ट्रातील दोन नावे त्यांत असल्याने आपल्याकडे उत्साह होता. परंतु लातूर आणि सोलापूर यांच्यापलीकडे कोणाची दृष्टी जात नव्हती. 14 जून रोजी नाव जाहीर झाले ते प्रतिभाताई पाटील यांचे. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या, 1962 मध्ये जळगावातून आणि पुढे 1985 पर्यंत एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, विधानसभेत गेलेल्या प्रतिभाताई तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल होत्या. ज्या जिल्ह्याने त्यांना पाच वेळा निवडून दिले, त्या जिल्ह्यातही हे नाव आदल्या आठवड्यात क्वचितच कोणाच्या ओठांवर असेल.

असे का व्हावे? माहितीचा तुटवडा होता म्हणून नव्हे. कोणाचे नाव पुढे येईल हे गुणांच्या बेरजेने ठरेल, असे भाकीत करणारे मानून चालले होते. प्रत्यक्षात ते वजाबाकीने ठरले. तेव्हाचे केंद्र सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर उभे होते. शिवराज पाटील यांच्या नावास डाव्यांची संमती मिळेना. प्रणवबाबू डाव्यांना चालत होते, तर सरकारमधून त्यांना मोकळे करण्यास काँग्रेसची तयारी नव्हती. एकेक नाव असे गळत गेले आणि ज्या नावावर कोणाचाच आक्षेप नव्हता, ते शेवटी उरले. स्त्री-राष्ट्रपती ही कल्पना तर अशी की तिला जाहीर विरोध करणेही कोणास परवडणारे नव्हते. भागीदारीच्या पेढीत नवा मुनीम नेमताना सर्वांत हुशार माणूस नेमला जातोच असे नाही. चारही भागीदारांना चालणारा माणूस नेमला जातो, हे आपणांस निराळे सांगावयास नको. त्या बंद दाराआड कोणाचा नकार कोणत्या नावावर पडेल, हे बाहेर बसलेल्यास कसे कळणार?

गंमत अशी, की नाव जाहीर होताच भाकिताचे स्वरूप पालटले. तोवरची अटकळ आता निव्वळ हिशेब झाली. राष्ट्रपतीची निवड संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात व प्रत्येक मताला ठरलेले मूल्य असते. त्या वेळी खासदाराच्या मताचे मूल्य 708, महाराष्ट्राच्या आमदाराचे 175 आणि उत्तर प्रदेशच्या आमदाराचे 208 होते. त्याच मे महिन्यात मायावती यांच्या पक्षाचे 206 आमदार उत्तर प्रदेशात निवडून आले होते. त्यांचा पाठिंबा म्हणजे एकट्या त्या विधानसभेतून बेचाळीस हजारांहून अधिक मतमूल्य. शिवसेना विरोधी आघाडीत असूनही मराठी उमेदवार म्हणून तिने प्रतिभाताईंना मत दिले. वही-पेन घेऊन बसणाऱ्या कोणाही व्यापाऱ्यास निकाल आधीच मांडता आला असता. 21 जुलै रोजी तो लागला: प्रतिभाताई 6,38,116, भैरोंसिंह शेखावत 3,31,306.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण आपल्यापैकी अनेक घराण्यांची मुळे मारवाडात आहेत. शेखावत हे सीकर जिल्ह्यातील खाचरियावासचे, तर प्रतिभाताईंचे पती डॉ. देवीसिंह शेखावत यांचे घराणेही मूळ सीकरकडचेच, पुढे अमरावतीस स्थिरावलेले. लढत राजस्थानचा पुत्र आणि राजस्थानची सून यांच्यात होती! याच भैरोंसिंहांनी 2002 मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सुशीलकुमार शिंदे यांचा 454 विरुद्ध 305 मतांनी पराभव केला होता.

आपल्याकडे उपराष्ट्रपतीची निवडणूक स्वतंत्र होते व तीत केवळ खासदार मत देतात. अमेरिकेत मात्र अध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार स्वतः निवडतो. तेथे स्थायिक झालेली आपली मुले या जोडीदाराच्या नावाची भाकिते मोठ्या हिरिरीने करतात. 2024 मध्ये कमला हॅरिस यांच्या जोडीदारासाठी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जोश शपिरो यांचे नाव पैजांच्या बाजारात आघाडीवर होते. 6 ऑगस्टला नाव आले ते मिनेसोटाचे टिम वॉल्झ यांचे. महिनोन्महिने चालणाऱ्या प्राथमिक निवडणुकांमुळे तेथे अध्यक्षपदाचा उमेदवार बहुधा आधी ओळखता येतो. जोडीदाराचा निर्णय एका व्यक्तीच्या मनात होत असल्याने तेथेही बाजार आंधळाच असतो.

2007 नंतर काही जण 'राज्यपालांवर लक्ष ठेवा' असा ठोकताळा सांगू लागले. 2017 मध्ये बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद, 2022 मध्ये झारखंडच्या माजी राज्यपाल मुर्मू, सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती, ठोकताळा खरा वाटतो. परंतु देशात राज्यपाल पंचवीसहून अधिक, शिवाय माजी राज्यपाल वेगळे. कापसाचा भाव 'वाढेल किंवा उतरेल' असे सांगण्यासारखेच हे आहे. मधल्या 2012 मध्ये निवड झाली ती प्रणव मुखर्जी यांची, आणि ते राज्यपाल नव्हते.

आता मूळ चिंतेकडे वळू. राजस्थानातील फलोदीचा सट्टाबाजार आपल्या नातेसंबंधांमुळे खानदेशातही परिचित आहे आणि तेथील 'भाव' मोबाइलवरून आपल्या तरुणांपर्यंत पोहोचतात. 2024 च्या लोकसभेत त्या बाजाराने भाजपला तीनशेच्या आसपास जागा धरल्या होत्या, मिळाल्या 240. कोट्यवधी मतदारांच्या निवडणुकीत जो बाजार असा चुकतो, तो चार-पाच नेत्यांच्या मनातले नाव कोठून आणणार? व्यापारी जोखीम घेतो ती मालाची, पिकाची, ग्राहकाची माहिती मिळवून. येथे मिळविण्याजोगी माहितीच नाही. म्हणून याला व्यापार म्हणता येत नाही, हे द्यूतच, आणि सप्तव्यसनांत त्याची गणना पहिली आहे. कायद्याचा प्रश्न वेगळाच: पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला आहे.

घरातील मुलांना या विषयात खरोखर रस असेल, तर त्यांच्या हाती राज्यवार आमदारसंख्या आणि मतमूल्यांचा तक्ता द्यावा व नावे जाहीर झाल्यानंतर बेरीज मांडावयास सांगावे. उमेदवारी अर्जासोबत पन्नास सूचक व पन्नास अनुमोदक लागतात. त्या सह्या कोणत्या पक्षांच्या आहेत, येथून आरंभ केला तरी पुरे.