अर्धी बाटली आणि वकील

काळाचौकीस राहणारे आमचे एक स्नेही परवां आमच्याकडे आले ते चिंताक्रांत होऊनच. त्यांचा मुलगा नुकताच वकील झाला आहे. आणि सदोष मालानें ज्यांची हानि झाली अशांचीच बाजू मांडावयाची, असा त्याचा निश्चय आहे. “आमच्या भागांत चाळींच्या पुनर्विकासाचे तंटे पोटभर असतां, बिघडलेल्या मिक्सरवर कोणाचा संसार चालणार?” असा स्नेह्यांचा सवाल. सुशिक्षित मध्यम वर्गाचेंही हेंच मत असल्यामुळें त्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रश्न मिक्सरचा नाहीं. काळाचौकीपासून फारशा दूर नसलेल्या भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयांत १९८६ च्या आरंभीं ग्लिसरीन दिलेले १४ रोगी मूत्रपिंडें निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरीनमध्यें डायएथिलिन ग्लायकॉल हें विष मिसळलेलें होतें. याच विषानें १९३७ सालीं अमेरिकेंत एका औषधांतून शंभराहून अधिक बळी घेतले होते, आणि पुढच्याच वर्षीं तेथील औषधांचा कायदा कडक झाला होता. म्हणजे धडा जगापुढें होता. आम्ही तो शिकलों नाहीं! न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें पुरवठादारापासून सरकारी औषध-खात्यापर्यंत व मंत्र्यांपर्यंत दोषाची सांखळी उघड केली. अशी सांखळी कडीकडीनें शोधून काढणें, हेंच या वकिलाचें काम होय.

कोणी म्हणेल, ग्राहक आयोगापुढें ग्राहकास स्वतः उभें राहतां येतें, मग वकील कशास? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ती सोय केली हें खरें. २०१९ च्या नव्या कायद्यानें तर उत्पादक, विक्रेता व सेवा देणारा यांची जबाबदारी एका स्वतंत्र प्रकरणांत सांगितली. परंतु दोष रचनेंत होता, घडणींत होता, कीं सूचना अपुऱ्या होत्या, हें दाखविण्याचा भार तक्रारदारावरच! समोर कंपनीचे तज्ज्ञ व प्रयोगशाळांचे अहवाल. इकडे चाळींतला एक गृहस्थ, हातांत पावती आणि उरलेली अर्धी बाटली. हा सामना बरोबरीचा म्हणावयाचा काय?

पैशाचा आक्षेप मात्र आम्ही उडवून लावीत नाहीं. अमेरिकेंत वकील भरपाईंतला हिस्सा ठरवून गरिबाचा खटला चालवितो. आमच्याकडे निकालावर अवलंबून फी ठरविण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. तेव्हां या वाटेनें जाणारा तरुण श्रीमंत होणार नाहीं. पण यावर उपाय त्यास मागें फिरविणें हा नव्हे. त्याच्यामागें उभें राहणें हा होय. १९६६ मध्यें मुंबईच्या नऊ गृहिणींनीं कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली, १९७५ मध्यें मुंबई ग्राहक पंचायत निघाली. त्या वेळीं ‘यांत मिळकत काय?’ असें विचारीत बसले असते, तर काय झालें असतें? अशा संस्थांस वर्गणी देणें व त्यांच्या खटल्यांस वकील मिळवून देणें, हें आमच्याच वर्गाचें कर्तव्य आहे.

स्नेह्यांस आम्हीं एवढेंच विचारलें, “आपल्या घरच्या फळीवर औषधाची बाटली आहे ना? तिच्यांत काय आहे हें विचारणारा एक तरी वकील या शहरांत असावा, असें आपणांस वाटत नाहीं काय?”