आवर्तनाचे पाणी आणि सुट्टीतली पोरे

शिर्डी : मे महिन्यात प्रवरेला पाणी दिसते ते पावसाचे नव्हे, आवर्तनाचे. उसाला, चाऱ्याला, फळबागेला त्याचा आधार असतो. पण नेमक्या त्याच दिवसांत शाळांना सुट्ट्या असतात, ऊन मी म्हणत असते, आणि गावची पोरे दुपारी बंधाऱ्यावर जमतात. शेतकरी बंधूंनो, आवर्तन आले की आपण पंप, चारी आणि पाळी एवढाच हिशेब करतो. पोरांचा हिशेब कोणी धरत नाही.

अकोले तालुक्यातील सुगाव बुद्रुकची घटना सर्वांना आठवत असेल. २२ मे २०२४ रोजी तेथे प्रवरेत उतरलेले दोन तरुण बुडाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शोधासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली. तिची बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. एखादा बुडाला की पारावर लगेच निकाल लागतो, "पोहता येत नसेल." पण हे जवान तर पाण्यातल्या कामाचे शिक्षण घेतलेले होते. तेव्हा दोष नुसता पोहणाऱ्यात शोधून चालणार नाही, पाण्याची जागाही समजून घेतली पाहिजे.

बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली सरळ पुढे निघून जात नाही. ते तळाशी आपटते, वर उसळते आणि वरचा थर परत बंधाऱ्याच्या भिंतीकडे वळतो. मग त्यात सापडलेले लाकूड जसे तिथल्या तिथे गरगरत राहते, तसेच माणसाचेही होते. वर फेसाळ पाणी असते, त्यात हवा मिसळलेली असल्याने अंग नेहमीसारखे तरंगत नाही. लांबून पाहावे तर दोन हात उंचीची धार, पोरांना गंमत वाटावी अशी. विहिरीत सूर मारणारा गडीही इथे दमून जातो. म्हणून बंधाऱ्यावरून पाणी पडत असताना त्याच्या खालच्या अंगाला आंघोळीला उतरायचेच नाही, आणि फळ्यांच्या वरच्या अंगाला, पाणी ओढ घेते त्या बाजूलाही नाही.

आता आपल्या राहाता तालुक्याकडे वळू. गोदावरीच्या उजव्या कालव्याकाठच्या गावांना पाण्याची सवय जुनी आहे. तिथल्या म्हाताऱ्यांनी लहानपणी पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून पोहणे शिकले. जिरायत गावांची गोष्ट वेगळी. निळवंडेची चर्चा १९७० पासूनची. दोन पिढ्या वाट पाहण्यात गेल्या आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. सुमारे ८५ किलोमीटरचा हा कालवा. पाणी आले तेव्हा लोकांनी गुलाल उधळला, नारळ फोडले, ते योग्यच होते. पण ज्या गावात आजवर डोक्यावरून जाईल एवढे पाणी पावसाळ्यातसुद्धा साचत नव्हते, तिथल्या पोरांना खोली कशी कळावी? पोहणे शिकवायला बापालाच येत नाही. पाणी आणण्यासाठी आपण मोर्चे काढले, पाण्याशी वागायला शिकवण्याचा विषय एकाही ग्रामसभेत निघालेला मी तरी ऐकला नाही.

कालव्याचे पाणी संथ दिसते, तेही फसवेच. काठ उतरता, त्यावर शेवाळ, धरायला झुडूप नाही की दगड नाही. ओढीत सापडलेला माणूस उलट दिशेने हात मारत बसतो आणि थकतो. त्याने पाण्याबरोबर जात जात तिरपे काठाकडे सरकावे. मोरी, सायफन आणि गेट यांच्या जवळपास तर पायसुद्धा बुडवू नये.

शेततळ्याचे मी अनुभवाने सांगतो. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्यानंतर आमच्या खात्याचा बराच वेळ तळी मोजण्यात गेला. एकदा माप घेताना माझा पाय प्लास्टिकवरून घसरला. पाणी फार नव्हते, पण ओल्या कागदावर चार वेळा चढायचा प्रयत्न केला आणि चारही वेळा परत खाली आलो. शेवटी पंपाचा पाइप हाताला लागला. शेतकरी वरून हसत होता, मीही हसलो, पण घरी गेल्यावर झोप लागली नाही. तीन मीटर खोल तळ्यात दहा वर्षांच्या पोराचे काय होईल? अस्तरीकरणाचा खर्च करताना चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर खुंट्यांना बांधून पाण्यात सोडावेत, जुने टायर ओवून शिडी करावी आणि कुंपण करावे. कुंपण 'पुढच्या वर्षी' करू म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत.

बोटीचेही थोडे सांगायला हवे. शिर्डीला आलेले भाविक पुढे भंडारदऱ्याला जातात, आपल्या शाळांच्या सहलीही जलाशयांवर जातात. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हते. सुगावच्या आदल्याच दिवशी, २१ मे २०२४ ला, उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. गुरुजींनी आणि पालकांनी बोटवाल्याला दोनच गोष्टी विचाराव्यात : माणसे किती घेणार आणि जॅकेट किती आहेत? जॅकेट नुसते गळ्यात अडकवून उपयोग नाही. बकल लावून खांद्याला धरून वर ओढून पाहावे, ते हनुवटीच्या वर सरकले तर मोठे आहे, बदलून घ्यावे. आभाळ भरले, वारा सुटला तर पैसे बुडाले तरी चालतील, बोटीत बसू नये.

ग्रामपंचायतीला करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्याला वेगळी योजना लागत नाही. आवर्तनाची तारीख पाटबंधारे शाखेकडून आधी घ्यावी, दवंडी द्यावी, देवळाच्या भोंग्यावरून सांगावे. आंघोळीसाठी उथळ जागा ठरवून तिथे खुणेचे दगड रोवावेत. बंधाऱ्यापाशी लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम टांगलेली असावी. दोराची किंमत एका फवारणीच्या औषधाएवढीही नाही. सुट्टीत दोन आठवडे, काठावर मोठी माणसे ठेवून पोरांना, आणि पोरींनासुद्धा, पोहणे शिकवावे. पोरींना वगळायची जुनी सवय आहे, पण कपडे धुवायला पाण्यावर त्याच जातात.

कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी टाकू नका. भाऊ वाचवायला भाऊ जातो आणि घरातून दोन तिरड्या निघतात. दोर टाका, धोतर टाका, साडी टाका, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन टाका (औषधाचा नको). बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून फिरवू नका, पोट दाबू नका, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर मान मागे करून नाक दाबून तोंडाने दोन वेळा श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोराने ३० दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा, आणि तिसऱ्याने शाखाधिकाऱ्याला, गेट बंद करून घेण्यासाठी. तो नंबर सरपंचाच्या डायरीत असून भागत नाही, बंधाऱ्याच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहिलेला पाहिजे.