बाटली भरणाऱ्यांचे दप्तर

शीतपेयांचा इतिहास आपल्याकडे ब्रँडच्या बाजूने सांगितला जातो. १९७७ मध्ये कोका-कोला गेला, थम्स अप आले, १९९३ मध्ये कोका-कोला परतला आणि त्याने पार्लेचे ब्रँड विकत घेतले, की गोष्ट संपली. यात बॉटलर कुठेच नाही. हा अंक वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरचा इतिहास मात्र त्याच बॉटलरचा आहे.

१९७७ चेच पाहा. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. परकीय चलन कायद्याप्रमाणे भागभांडवल ४० टक्क्यांवर आणायला आणि सूत्र द्यायला कंपनी तयार झाली नाही, ती निघून गेली. मागे राहिली ती बॉटलरची यंत्रे, बाटल्या, क्रेट, ट्रक आणि पगारी माणसे. दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सने त्याच बळावर कॅम्पा कोला बाजारात आणला. सरकारी मॉडर्न फूडने म्हैसूरच्या संशोधन संस्थेचे सूत्र घेऊन डबल सेव्हन काढले, पण ते टिकले नाही. दुकानादुकानांत पोहोचणारे वितरण प्युअर ड्रिंक्सकडे आधीपासून होते, हे या फरकाचे मोठे कारण, असे आमचे मत आहे.

त्याही आधी आपला धंदा गोटी सोड्याचा. हिराम कॉड या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास पेटंट घेतलेली ती बाटली आजही एकदा हातात घेऊन नीट पाहावी. बाटली उलटी करून भरतात, त्यामुळे गोटी मानेशी येते. सरळ केल्यावर आतल्या वायूचा दाबच तिला रबरी वायसरवर घट्ट बसवतो. फोडताना गोटी आत जाते आणि ओतताना मानेतल्या खाचेत अडकून राहते. काचेवर कारखान्याचे नाव उठावदार अक्षरांत असे, कारण आतल्या पाण्यापेक्षा बाटली महाग आणि ती परत यायलाच हवी. आज कित्येक गावांच्या सोडा कारखान्यांचा एवढाच लेखी पुरावा उरला आहे.

मुंबईत पालनजीचा सोडा १८६५ पासून. क्रिकेटपटू दिनशा पांडोळे यांनी १८८९ मध्ये ड्यूक्स काढले. नाव क्रिकेटच्या ड्यूक चेंडूवरून घेतले, असे सांगतात. पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर १८८४ पासून जिंजर आणि रासबेरी भरत आले. सुरतेत १९२३ मध्ये हजूरी कुटुंबाने स्वदेशीच्या वाऱ्यात सोस्यो आणले. ड्यूक्स १९९४ मध्ये पेप्सीकडे गेले.

आता वारे उलटे फिरले आहे. रिलायन्सने २०२२ मध्ये कॅम्पाचे नाव विकत घेतले आणि २०२३ मध्ये सोस्योत निम्मा हिस्सा. पडून राहिलेल्या जुन्या नावालाही मोल येते, हे आता बाजारानेच दाखवले. आपल्या छोट्या कारखानदारांना मात्र आपल्याच नावाची कदर नाही, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. आजोबांचे लेबल माळ्यावर, सरबताच्या प्रमाणाची वही रद्दीत आणि नाव असलेल्या बाटल्या भंगारवाल्याच्या गाडीवर, हे आजही सर्रास चालते. कायदाही इथे कोणाची गय करत नाही. ट्रेडमार्कच्या नोंदणीचे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि सलग पाच वर्षे नाव वापरले नाही, तर ते नोंदवहीतून काढून टाकण्याचा अर्ज त्या नोंदणीची झळ बसलेल्या कोणालाही करता येतो. अशा वेळी जुनी बिले, लेबले आणि जाहिराती हाच वापराचा पुरावा.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे. या महिन्यात माळा उघडा. लेबले, मालाच्या वह्या, डीलरचे करार, नाव कोरलेली प्रत्येक प्रकारची एकेक बाटली बाजूला काढा आणि त्यांचे फोटो घ्या. घरात जुने कामगार असतील, तर यंत्र कोणते होते, वायू कुठून यायचा, बाटल्या कोणत्या गावाहून यायच्या, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. नोंदणीची मुदत तपासा. आणि जे सापडेल त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. त्यासाठी पुढच्या अंकापासून पाने राखून ठेवत आहोत.