लोणारच्या तळाशी एक फेरी

सुट्टीत मुलांना कुठे न्यायचे, असा प्रश्न पडला की बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे नाव सहसा कुणाला सुचत नाही. वास्तविक उल्का आदळून काळ्या खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद असून तळाशी सरोवराच्या कडेने झाडीतून फिरता येते.

सकाळी लवकर उतरावे. खाली जावे तसतशी बाभळीची दाटी वाढते, मोर ओरडतात, मग पाण्याचा उग्र दर्प येतो. मुले नाक दाबतात, तो भाग वेगळा! पाणी खारट तर आहेच, शिवाय सोड्यासारखे क्षारयुक्त. वरच्या अंगाला मात्र धारेचे गोड पाणी बारमाही वाहते.

कारण साधे आहे. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते उन्हाने आटते, क्षार मागे उरतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेही खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत आले. पण साबण आणि सांडपाणीही असेच आत साठत जाते. तेव्हा धारेवर साबण लावून अंघोळ नको आणि खाऊच्या पिशव्या परत वर आणाव्यात.

कमळजादेवीच्या देवळाकडची वाट खुली आहे का, हे वन खात्याच्या माणसाला आधी विचारावे. पाणी चढले की तिकडे जाता येत नाही. आजी-आजोबांनी काठावरूनच पाहिलेले बरे. उतरताना काही वाटत नाही, पण दहानंतरच्या उन्हात तोच चढ तरुणांनाही दोनदा बसवतो.