माडीवर मासे ठेवण्याआधी

गेल्या महिन्यात तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडला एका वाचक भगिनीच्या घरी जाण्याचा योग आला. चहा होतो न होतो तोच त्यांनी विचारले, "भाऊ, पोराले मासोळ्यायची काचपेटी पाहिजे. माडीवर ठेवली तं चालते काय?" मुलगा सातवीत, पेटी तीन फुटी आणि माडी आजेसासऱ्यांच्या वेळची. माडीखालच्याच खोलीत आजीची खाट. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आधी वजनाचा हिशेब करू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करावा व त्याला 28 ने गुणावे. तेवढे किलो पाणी तिच्यात मावते. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत सुमारे 160 किलो पाणी. काच, खडे आणि लोखंडी स्टँड धरले की आकडा 200 च्या पुढे जातो. म्हणजे दोन क्विंटल ज्वारी चार पायांवर उभी!

"नामकरणाले वर वीस माणसं बसली होती, तवा काई झालं नाही," आजी म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण माणसे खोलीभर पसरून बसतात आणि जेवून घरी जातात. पाणी मात्र रात्रंदिवस एकाच जागी उभे असते. सततच्या ओझ्याने लाकूड हळूहळू वाकत जाते, आणि ओझे काढल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. आजच्या भारतीय मानकात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरतात. या पेटीखालच्या जागेपुरता हिशेब केला तर तो पावणेसहाशेच्या घरात जातो.

म्हणून जागा महत्त्वाची. मयालीच्या बरोबर मध्यावर ठेवलेले ओझे, तेच ओझे तिच्या लांबीभर पसरले असता जेवढा ताण देईल, त्याच्या दुप्पट ताण देते. भिंतीलगत, तीन-चार फाट्यांवर आडवी आणि खाली जाड फळी टाकून ठेवलेली पेटी त्यामानाने सोसवते. जुन्या लोकांनी धान्याच्या कणग्या माडीच्या मधोमध मांडल्या नाहीत, ते उगाच नव्हे.

अर्थात हे सारे लाकूड धड असेल तर. मयालीचे जे टोक भिंतीत असते, तेच आधी सडते. तिथे ओल मुरते आणि वाळवी लागते. घर गावठाणाच्या पांढरीवर असेल तर बरे. पुढे काळ्या मातीत बांधलेल्या घरांच्या भिंती पावसाळ्यात माती फुगली आणि उन्हाळ्यात भेगाळली की हलतात, आणि मयालीचा आधार ढिला होतो. खालून मयालीच्या दोन टोकांना ताणून दोरी धरली की मधला झोल दिसतो. टोकाजवळ पेचकस टोचून पाहावा.

आम्ही टोचला. एका मयालीत तो मुठीपर्यंत गेला.

तेवढ्यात आमचे लक्ष वरच्या कोपऱ्याकडे गेले. त्याच मयालीवर पाण्याचा 200 लिटरचा निळा ड्रम भरून ठेवलेला! नळ रोज येत नाही, म्हणून दोन उन्हाळ्यांपासून तो तिथेच होता. झिरपणाऱ्या तोटीने खालची माती भिजून आणखी जड झालेली. पेटी अजून दुकानातच होती, आणि तिच्याएवढे ओझे आजीच्या डोक्यावर आधीच उभे होते. काचपेटीची चौकशी झाली नसती तर ड्रमकडे कोणी वर पाहिलेही नसते.

ड्रम त्याच संध्याकाळी रिकामा करून अंगणात आणला. आजीची खाट दुसऱ्या खोलीत गेली. सुताराला बोलावून मयालीला टेकू द्यायचे आणि पुढे ती बदलायचे ठरले. मुलाचा चेहरा उतरला होता, पण पेटी खालच्या खोलीत, मातीत पाय रुतू नयेत म्हणून शहाबादी फरशीवर ठेवायची ठरताच तो फरशी आणायला धावला.