मुख्य अभियंत्यांना खुले पत्र : तानपुऱ्याला धाप का लागते?

प्रति,
मुख्य अभियंता,
आमच्या शहराचे एफएम केंद्र

विषय : रात्रीच्या शास्त्रीय संगीत सभेत होणारी आवाजाची दाबणी

महोदय,

आधीच्या पत्रांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत आणि पत्रे आपल्याकडे आहेत, त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात करत नाही. गेल्या शनिवारच्या सभेतही तेच झाले. गायिका मुखडा घेऊन समेवर आली, श्वासासाठी थांबली, आणि मागचा तानपुरा एकदम अंगावर आला. तिने पुढची आलापी सुरू करताच तो गडप झाला. ती थांबली की वर, गायली की खाली, असा तो सभा संपेपर्यंत धापा टाकत होता. मैफलीत तानपुरा असा कधी वाजत नाही. तो एकसारखा चालू असतो म्हणून तर गाणाऱ्याला त्याच्यावर स्वर ठेवता येतो.

हे कशामुळे होते ते आपण जाणता. प्रक्षेपकाच्या आधी बसवलेला प्रोसेसर लहान आवाज उचलतो आणि मोठा आवाज दाबतो. त्याला विलंबित कळत नाही, आणि कळावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. दिवसभराची चित्रपटगीते, जाहिराती आणि निवेदकांच्या गप्पा यांच्यासाठी त्याची जी मांडणी केली, तीच रात्री ख्यालावर चालू ठेवली जाते. हा निर्णय यंत्राने घेतलेला नाही. तो ज्या पदाकडून व्हायला हवा, त्या पदाला उद्देशून हे पत्र आहे.

पुढचे आकडे आपल्याला पाठ असतील. पण आजवर मला उत्तरे देणाऱ्यांना ते माहीत नसावेत, म्हणून लिहितो. एफएमला ±७५ किलोहर्ट्झचे विचलन मिळते. १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज त्यातून जातो. गच्चीवर नीट लावलेला अँटेना आणि बरा ट्यूनर असेल, तर सर्वांत मोठा आवाज आणि खालची खरखर यांत ६० डेसिबलपेक्षा जास्त अंतर मिळू शकते. शांत खोलीत बसून ख्याल ऐकायला एवढे पुष्कळ झाले. यातले तुम्ही वापरता किती? ट्यूनरला टेपडेक जोडून पाहा. मंद्रातल्या आलापीला काटे जिथे असतात, तिथेच ते तार षड्जालाही असतात. गायिकेने अर्ध्या तासात जे चढवत नेले, ते तुमच्या यंत्राने पहिल्याच मिनिटाला सपाट केलेले असते.

आता प्रीएम्फसिस. ५० मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने १५ किलोहर्ट्झजवळचा आवाज प्रक्षेपणापूर्वी सुमारे १४ डेसिबलने वाढवला जातो. घरातला रेडिओ तो तेवढाच उतरवतो, आणि त्याबरोबर खरखरही उतरते. योजना उत्तम आहे. फक्त तिला वर मोकळी जागा लागते. सरासरी पातळीच मर्यादेला टेकवून ठेवल्यावर हे १४ डेसिबल मावणार कुठे? मग लिमिटर आणि क्लिपर ते छाटतात. छाटली जाते ती तबल्याच्या चाटेवरची 'ना'ची धार आणि तानपुऱ्याची जवारी. मिरजेचा कारागीर घोडी घासून, तारेखाली सुताचा धागा केसभर इकडेतिकडे सरकवून जी जवारी उघडतो, ती आपल्याकडे एका सेकंदात बंद होते.

मोटारीत ऐकणाऱ्यांसाठी आवाज मोठा लागतो, असे मला फोनवर सांगण्यात आले. दिवसा लागतही असेल. पट्टा फिरवणाऱ्याने आपल्यापाशी थांबावे म्हणून प्रत्येक केंद्र शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडते, हेही ठाऊक आहे. पण रात्री साडेदहाला विलंबित एकतालाशी स्पर्धा करायला या शहरात दुसरे कोणते केंद्र उभे आहे? जर्मनी आणि स्वित्झर्लंडसारख्या देशांनी या ओरडण्याला लगाम घातला आहे. आयटीयूच्या बीएस ४१२ या शिफारशीनुसार, कोणत्याही ६० सेकंदांत मल्टिप्लेक्स संकेताची सरासरी शक्ती ±१९ किलोहर्ट्झ विचलन करणाऱ्या एका शुद्ध स्वरापेक्षा जास्त असू नये. सक्ती असो वा नसो, ही मर्यादा आपल्या केंद्राला रात्रीपुरती स्वतःहून पाळता येते. त्याला दिल्लीची परवानगी लागत नसावी.

जाता जाता स्टिरिओविषयी. संग्रहातली जुनी ध्वनिमुद्रणे मोनो आहेत. तरीही १९ किलोहर्ट्झचा पायलट चालू असतो, माझ्या ट्यूनरवर स्टिरिओचा दिवा लागतो आणि दोन्ही बाजूंनी तोच एक आवाज येतो. त्या दिव्याची किंमत म्हणजे सुमारे २० डेसिबल जास्तीची खरखर. शहराबाहेर राहणाऱ्यांना ती स्पष्ट ऐकू येते.

आता आपल्या उत्तरांविषयी. पहिले उत्तर होते, 'आपला रेडिओ तपासून घ्यावा.' घेतला. बिघडलेल्या ट्यूनरला गायिका श्वास कधी घेते हे कळत नसते. दुसरे होते, 'तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे.' संबंधित विभाग म्हणजे आपणच. मग मी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि एवढेच विचारले, की रात्रीच्या सभेसाठी प्रोसेसरची मांडणी बदलता का? 'बाब तांत्रिक आहे' असे उत्तर आले. तांत्रिक आहे म्हणूनच अभियंत्यांना विचारले होते. संगीतविषयक असती तर गवयाला विचारले असते.

एडविन आर्मस्ट्राँगने नोव्हेंबर १९३५मध्ये न्यूयॉर्कच्या अभियंत्यांना एफएम ऐकवले, तेव्हा योंकर्सहून पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगळल्याचा आवाज पाठवला होता. पाणी पाण्यासारखे आणि कागद कागदासारखा ऐकू आला, हीच त्याची फुशारकी होती. आपल्या देशात २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला एफएम सुरू झाले. ज्या तंत्राने कागदसुद्धा ओळखू आला, त्याच तंत्रावर तुम्ही तानपुरा ओळखू येईनासा केला आहे. याला साधनांची कमतरता म्हणत नाहीत, बेपर्वाई म्हणतात.

मागण्या तीन आहेत. एकीलाही निविदा काढावी लागणार नाही. एक, सभेच्या वेळेला प्रोसेसरची मांडणी बदला. अशा बहुतेक यंत्रांत शास्त्रीय संगीतासाठी वेगळी मांडणी तयार असते आणि ती घड्याळावर लावून ठेवता येते. दोन, मोनो ध्वनिमुद्रण लागले असताना पायलट बंद ठेवा. तीन, आठवड्यातून एकदा तुमच्यापैकी कोणीतरी स्टुडिओच्या मॉनिटरवर न ऐकता, हवेतून आलेली सभा साध्या ट्यूनरवर शेवटपर्यंत ऐका. तिसरी मागणी पूर्ण झाली तर पहिल्या दोन मला पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

माहिती अधिकाराच्या उत्तरावर पहिले अपील तयार आहे. मुदतीच्या आत ते दाखल होईल. या पत्राला लेखी उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. येत्या शनिवारच्या सभेत काय केले ते मला घरबसल्या कळेल.

आपला,
एक नियमित श्रोता

ता. क. : 'एफएम आवडत नसेल तर मोबाइलच्या अ‍ॅपवर ऐका,' असा सल्लाही मिळाला होता. ऐकले. प्रोसेसरमधून दाबून निघालेला तोच आवाज तिथे पुन्हा एकदा दाबून मिळतो. सोय केल्याबद्दल आभारी आहे.