काळा कोट, पांढरा बँड आणि रिकामं पाकीट

मंडळी, एक सोप्पा प्रश्न. पहिल्या पगारातून तुम्ही काय घेतलं होतं? आईला साडी, बाबांना घड्याळ, स्वतःला नवा मोबाइल. बरोबर? आता अवघड प्रश्न. तो पहिला पगार हातात येईपर्यंत तुम्ही स्वतःच्या खिशातून किती घातले होते? आठवत नाही ना? मलाही आठवलं नाही. माझ्या ऑफिसने तर जॉइनिंगच्या दिवशी लॅपटॉप, आयकार्ड, वर एक कॉफी मग आणि चॉकलेटचा डबा दिला होता.

हा प्रश्न विचारला माझ्या मावसबहिणीने. बाईसाहेब लॉच्या शेवटच्या वर्षाला. मुक्काम माझ्या वन बीएचकेच्या हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर. सकाळी कॉलेज, दुपारपासून फोर्टातल्या एका वकिलांकडे इंटर्नशिप, रात्री साडेनऊला घरी. इंटर्नशिपचा पगार? शून्य. ‘शिकायला मिळतंय ना!’ हे वाक्य मात्र महिन्याच्या महिन्याला न चुकता मिळतं.

गेल्या जूनमध्ये एका रविवारी ती पोह्यांची डिश हातात धरून म्हणाली, ‘ताई, तुमच्याकडे एचआरमध्ये फ्रेशर घेतात का गं?’

मी खूश! म्हटलं, आली मुलगी लाइनवर. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. सांगली जिल्ह्यातली काकांची द्राक्षबाग अवकाळी पावसात झोपली होती. शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. त्यानंतर सनद, ऑल इंडिया बार एक्झामची वेगळी फी, काळा कोट, बँड, गाऊन, पुस्तकं, रेल्वेचा पास. आणि एवढं सगळं करून पहिली दोन-तीन वर्षं हातात काय येणार, याचा पत्ता नाही. तिने हिशेब वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता. तळाशी बेरीज होती आणि बेरजेखाली दोन रेघा.

मी लगेच मोठ्या बहिणीच्या थाटात म्हटलं, ‘अगं, मी देते ना!’

ती म्हणाली, ‘नको. तू देशील गं. पण मग प्रत्येक लग्नात आई तुझ्या आईसमोर मान खाली घालून बसेल.’

बोलती बंद. खरंच आहे ना. नातेवाइकांच्या पैशाला चेहरा असतो. दिवाळीला तो समोर येतो, साखरपुड्यात भेटतो, ‘मग, कशी चाललीय प्रॅक्टिस?’ म्हणून खांद्यावर हात ठेवतो. स्कॉलरशिपचं तसं नाही. ती मागायची नसते, मिळवायची असते. सीव्हीवर लिहिता येते. उसने पैसे कोणी सीव्हीवर लिहितं का?

तिकडे अमेरिकेत हा फंडा गावोगावच्या वकिलांनी कधीच ओळखला. तिथे अनेक काउंटींची स्वतःची बार असोसिएशन असते आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी शेजारी एक धर्मादाय फाउंडेशन काढलेलं असतं. कारण साधं, टॅक्सचं. वकिलांच्या व्यावसायिक संघटनेला दिलेल्या देणगीवर करात सूट नाही, धर्मादाय फाउंडेशनला दिली तर आहे. मग वार्षिक डिनर, गोल्फची स्पर्धा, एखाद्या दिवंगत सहकाऱ्याच्या नावाने जमवलेला निधी, असं करत पैसा उभा राहतो आणि लॉच्या मुलांना मिळतो. रक्कम बहुतेक वेळा एक हजार ते काही हजार डॉलर. तिथल्या कित्येक लॉ स्कूल्सची वर्षाची फी पन्नास हजार डॉलरच्या वर जाते, म्हणजे हे पैसे फीला पुरणारे नव्हेतच. पण पुस्तकं, परीक्षेची तयारी, एका सेमिस्टरचं भाडं निघतं. अट बरेचदा एवढीच, की मुलगा किंवा मुलगी त्या काउंटीतली हवी किंवा तिथे शिकणारी हवी.

यात दानधर्म आहेच, पण थोडा स्वार्थही आहे, आणि तो मला आवडला. गावातला मुलगा वकील होऊन गावातल्या कोर्टात परत आला, तर गावाला वकील मिळतो. नाहीतर सगळे मोठ्या शहरातल्या चकाचक फर्म्समध्ये आणि गावातल्या म्हातारीच्या जमिनीच्या केसला वाली कोणी नाही.

आपल्याकडेही पैसा नेमका कुठे अडतो, हे पाहायचं तर बाबासाहेबांची गोष्ट आठवा. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै-पै साठवली, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेनांकडून कर्ज घेतलं आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडन गाठू शकले. 1922 मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि 1923 मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. एवढा अफाट हुशार माणूस, पण पैसे संपले म्हणून त्यालाही बोट पकडून परत यावं लागलं होतं!

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचं तर आणखी वेगळं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अव्वल नंबर, त्यावर इंग्लंडला जायची सरकारी स्कॉलरशिप मिळायला हवी होती. मिळाली नाही. कारण? बाई! शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लोरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1892 मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला कायद्याची बीसीएलची परीक्षा देणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पदवी हातात पडायला मात्र 1922 उजाडलं. पण वर्गणीच निघाली नसती तर?

आता आजचं. थोडी गुड न्यूज आहे बरं का. सनद घेण्यासाठी काही राज्यांच्या बार कौन्सिल पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत उकळत होत्या. 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये लिहिलंय तेवढंच घ्या. म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून 125 रुपये, शिवाय लागेल ती स्टॅम्प ड्युटी. मग ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियर्सना शहरात महिना किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार स्टायपेंड द्यावा, असं सुचवलं. ‘सुचवलं’ हा शब्द नीट वाचा. सक्ती नाही. बहिणीला ही बातमी वाचून दाखवली तेव्हा ती इतकी हसली, की चहा सांडला.

असो. तर त्या रविवारनंतर काय झालं? काकांनी तालुक्याच्या कोर्टातल्या एका जुन्या वकीलसाहेबांना सहज बोलता बोलता सांगितलं. वकीलसाहेबांनी ते बार रूममध्ये काढलं. कोणी हजार दिले, कोणी पाचशे, एकाने आपले जुने बेअर अॅक्ट्स दिले. बैठक झाली, ठराव झाला, कागदावर ‘विद्यार्थी सहाय्य’ असं लिहिलं गेलं आणि बहिणीला रीतसर अर्ज करायला सांगितलं. मार्कशीट जोडायला लावली, का शिकायचंय यावर एक पान लिहायला लावलं. आता सांगा, सगळे तिला लहानपणापासून ओळखतात, मग अर्ज कशाला? मी तसं म्हटलंही. तर ती म्हणाली, ‘ताई, अर्ज केला म्हणूनच मी पैसे घेतले.’

कॉलेजची अर्धी फी त्यात निघाली. उरलेल्या अर्ध्यासाठी काकांनी जमवाजमव केली. अट एकच होती, दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस गावच्या कोर्टात येऊन बसायचं. ती गेली. परत आली ती एका बांधाच्या भांडणाची गोष्ट घेऊन, आणि रात्री एक वाजेपर्यंत मला आर्ग्युमेंट्स ऐकवत बसली. एचआरचं नाव तिने पुन्हा काढलेलं नाही.

जाता जाता : तुमच्या ओळखीत लॉ करणारं कोणी असेल, तर त्याला तीन गोष्टी सांगा. एक, महाडीबीटीवर सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज वेळेत भर. दोन, बारावीनंतर लॉ करायचं स्वप्न आहे पण पैसा नाही, अशा मुलांसाठी ‘आयडिया’ ही संस्था काम करते. शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकांनी ती 2010 मध्ये सुरू केली. एन्ट्रन्सच्या तयारीपासून पुढपर्यंत ती मुलांच्या पाठीशी उभी राहते. आणि तीन, आपल्या गावच्या वकील संघात जाऊन ‘असं काही आहे का?’ एवढं विचार. नसेल, तर तो प्रश्नच कदाचित सुरुवात ठरेल.

आणि तुम्ही-आम्ही? वकील नसलो म्हणून काय झालं, आपापल्या ऑफिसात, सोसायटीत, जुन्या कॉलेजात हेच करता येतं. फक्त देताना पाकिटावर स्वतःचं नाव लिहू नका. अर्जाचा एक कागद मात्र नक्की ठेवा.

बहिणीचा काळा कोट शिवायला टाकलाय. शिलाईचे पैसे तरी मी देऊ का, असं विचारलं. म्हणाली, ‘दे. पण बिल माझ्या नावावर कर, पहिल्या फीतून फेडते.’

वकीलच ती. काय बोलणार!